सात अंगांचा नमस्कार

लोधीपुरा, बुऱ्हाणपूर
२० नोव्हेंबर १९५०

दाजी आणि आक्का यांना लोटूचा सात अंगांचा नमस्कार.

आठच लिहिणार होतो. पण साष्टांगाला दोन्ही गुडघे जमिनीला टेकावे लागतात आणि माझा उजवा टेकत नाही. तेव्हा एक अंग वजा करून घ्या. फौजेत चोख हिशेबाची सवय लागली, ती अजून जात नाही.

बातमी वाईट आहे, म्हणून आधी हसून घेतलं. माझ्या गुडघ्याच्या पेन्शनचा निकाल आला. नामंजूर. कागद इंग्रजीत, म्हणून शाळेतल्या मास्तरांकडून वाचून घेतला. त्यात लिहिलंय की चौकशीअंती असं दिसून आलं, अर्जदाराच्या उजव्या गुडघ्याला भरतीच्या आधीपासूनच विकार होता, फौजेच्या नोकरीशी त्याचा संबंध नाही. मान्य नसेल तर मुदतीत वर अपील करावं.

दाजी, हैदराबाद पाच दिवसांत पडलं आणि मी पहिल्याच दिवशी पडलो, हे सगळ्या बुऱ्हाणपुराला ठाऊक आहे. रसदीची लॉरी नाल्याच्या चिखलात रुतली. आम्ही चौघं मागून रेटत होतो. ती मागे घसरली, आणि चाक व दगड यांच्यामध्ये माझा गुडघा आला. त्यानंतर निजामाचं संस्थान विलीन झालं, मोठमोठे राजे विलीन झाले, पण माझ्या गुडघ्याची वाटी काही आपल्या जागी विलीन व्हायला तयार नाही. आता सरकार म्हणतं, ती आधीपासूनच फुटीर होती.

एवढ्यावर भागलं असतं तर मी केळीला पाणी देत बसलो असतो. पण हा कागद सिंधीपुऱ्यात पोचला. तुम्हाला माहीत आहे, चुडामण आबांच्या कोकिळेशी माझी सुपारी फुटली आहे आणि येत्या वैशाखात आखाजीच्या सणानंतर लग्न ठरलं आहे. आबांनी मला दुकानावर बोलावलं. चहा सांगितला नाही तेव्हाच मी ओळखलं.

"लोटू," आबा म्हणाले, "तुहा गुडघा आधीच खराब व्हता आन तू आमच्यापासून लपवलं. चौकशीवाला साहेब आला तवा मी तुही तारीफ केली रे! मले काय माहीत का सरकारले तुह्याबद्दल जास्त माहीत हाये!"

मी सांगत होतो, ते ऐकत नव्हते. नेपानगरला कागदाचा कारखाना उभा राहतोय, तिथला नंदकुमार म्हणून कोणी स्टोअरकीपर आहे, त्याचं स्थळ आलंय म्हणतात. कारखाना अजून पुरा झाला नाही तर सरकार माझ्यासारख्यांवर इतका कागद खर्च करतं, झाल्यावर काय करेल देव जाणे.

आणि कोकिळा? तिने मायजवळ निरोप पाठवला. जसाच्या तसा लिहितो. "लंगड्याशी लग्न करीन, खोट्याशी नाही करणार. दोन्हीतले कोणते ते आधी कळू द्या."

दाजी, तुम्ही वकिलाकडे मुन्शी आहात. माझ्यासाठी अपील लिहा. पेन्शन मिळालं तर बरंच, पण त्या कागदावरून तो एक शब्द, "आधीपासून", तेवढा खोडून काढा.

तुमचा
लोटू

*

सीताबर्डी, नागपूर
२९ नोव्हेंबर १९५०

चिरंजीव लोटूराव यांस प्रभाकरचे आशीर्वाद.

तुझे सात अंगांचे नमस्कार पोचले. आठवे अंग सरकारकडून वसूल करू.

रडगाणे पुरे. कायद्याच्या बाजूने तुझे प्रकरण चांगले आहे. फौजेत घेताना तुला डॉक्टरने उघडा करून तपासले होते की नाही? उठाबशा काढायला लावल्या होत्या की नाही? त्याने 'लायक' लिहिले म्हणजे त्या दिवशी तुझा गुडघा सरकारच्या मते धडधाकट होता. जी वस्तू चांगली म्हणून घेतली ती परत करताना मोडकी निघाली, तर मोडली कुणाकडे? घेणाऱ्याकडे. हे मी फार भारी भाषेत लिहिणार आहे. आमचे वकीलसाहेबसुद्धा वाचून म्हणतील, प्रभाकर, हे तूच लिहिलेस?

तू एवढेच कर. त्या लॉरीचा ड्रायव्हर शोध आणि त्याचा जबाब घे. शिवाय हे 'आधीपासून' कुठून उगवले ते पाहायला हवे. चौकशीच्या कागदांची नक्कल मी मागवतो. तोवर कुणाशी भांडू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे, तुझी बहीणही त्याच वाणाची आहे.

प्रभाकर

ता. क. लोट्या, हे मी सुमन लिहिते. ह्यांची 'भारी भाषा' वाचून मला काळजी वाटते, पण अक्षर चांगले आहे. कोकिळेचा निरोप मला आवडला. मायला सांग, तिळाचे तेल कोमट करून रोज चोळायचे, आणि तू 'दुखत नाही' म्हणत पळायचे नाही.

*

लोधीपुरा
६ जानेवारी १९५१

दाजींना आणि आक्काला माझे सात.

ड्रायव्हर सापडला. धरणगावचा कौतिक, आता एरंडोलला प्रवासी मोटार चालवतो. मला बघताच म्हणाला, "गुडघा कसा हाये?" त्याला अपराध्यासारखं वाटतं, मी म्हटलं चिखलाचा दोष. त्याने जबाब लिहून दिला आहे. सोबत पाठवतो. त्यात निम्मं स्वतःच्या ड्रायव्हिंगचं कौतुक आहे, ते तुम्ही गाळा, पण गुडघ्याचं नीट आहे.

तुम्ही भांडू नको म्हणालात. तुमचं पत्र यायच्या आधीच भांडून झालं होतं, त्याला माझा इलाज नाही. झालं असं की आमच्या शेजारच्या केळीचे मालक कडूनाना. लहानपणी मी त्यांच्या चिंचेवरून पडलो होतो. मला वाटलं, चौकशीवाल्याला त्यांनीच ते सांगितलं असणार. बांधावर जाऊन चार शब्द बोललो. नाना शांतपणे म्हणाले, "तुह्या एका गुडघ्याची चुगली मी कायले करू? माहे दोन्ही गेले, ते कोन पाहून राह्यलं?" मग मला आठवलं, चिंचेवरून पडलो तेव्हा कोपर फुटलं होतं. तेव्हापासून नाना माझ्याशी बोलत नाहीत, चहाला हाक मारली तर बैलाकडे बघतात.

नंदकुमार येऊन गेला. मी मुद्दाम सिंधीपुऱ्यातून फेरी मारली. चांगला मुलगा दिसतो, हेच वाईट आहे. इस्त्रीचे कपडे, दोन्ही पाय सरळ. आबांच्या दुकानात टांगलेल्या बाशिंगांखाली बसून पोहे खात होता. बुऱ्हाणपुरात लग्न कुणाचंही असो, बाशिंग आबांच्या दुकानातून जायचं आणि त्यावर आबांच्या हातची कलाबत्तू असायची. माझ्यासाठी एक मोठं बाशिंग त्यांनी मागेच वेगळं करून ठेवलं होतं. ते अजून खुंटीवर आहे. मी बघून आलो.

तुमचा
लोटू

*

नागपूर
२९ जानेवारी १९५१

लोटूस आशीर्वाद.

चौकशीची नक्कल आली. तीत एक साक्ष आहे, हिंदीत. चौकशीला आलेला गृहस्थ उत्तरेकडचा असावा. तो लिहितो : "गवाह का कहना है कि भर्ती होने से पहले लड़का घुटने पर पट्टी बाँधे बैठा रहता था।"

साक्षीदार कोण, ते मी तुला कळवणार नाही. कळवले तर तू तिथे जाऊन चार शब्द बोलशील आणि मग ते चार शब्दही कागदावर येतील.

आता मी विचारतो त्याचे सरळ उत्तर दे. भरतीच्या आधी तुझ्या गुडघ्याला कधी पट्टी होती का? लचक, सूज, काहीही? असेल तर तसे सांग. अपील तरीही करता येते, नोकरीत दुखणे वाढले असे मांडता येते. पण वकिलापासून आणि त्याच्या मुन्शीपासून काही लपवू नये. साक्षीदार प्रतिष्ठित माणूस आहे आणि त्याने तुझे वाईट चिंतण्याचे काही कारण मला दिसत नाही. म्हणून विचारतो.

प्रभाकर

*

लोधीपुरा
३ फेब्रुवारी १९५१

दाजी,

तुम्हीसुद्धा?

पट्टी नव्हती. लचक नव्हती. भरतीच्या आदल्या महिन्यात मी तापी पोहून पलीकडे गेलो होतो आणि तसाच परत आलो होतो. तुमच्याच लग्नात वरातीपुढे मी नाचलो होतो, ते तुम्ही घोड्यावरून पाहिलं नाही का?

सरकारला मी ओळखत नाही, सरकार मला ओळखत नाही, त्याने काहीही लिहावं. तुम्ही मला ओळखता. सोय म्हणून 'दुखणं वाढलं' असं मांडायचं असेल तर अपील करूच नका. मग मी खोटाच ठरलो, थोडा कमी खोटा एवढंच. कोकिळेने अर्धवट उत्तर मागितलेलं नाही.

नमस्कार आहेच.

लोटू

*

नागपूर
१२ फेब्रुवारी १९५१

लोट्या,

तुझ्या आक्काचा आशीर्वाद घे, आणि हे पत्र वाचताना आधी कुठे तरी बसून घे, उभ्याने वाचू नकोस.

तुझे पत्र आले त्या दिवशी हे जेवले नाहीत नीट. चौकशीची नक्कल काढून पुन्हा पुन्हा साक्षीची तीच ओळ वाचत होते. मी चुलीपाशी भाकऱ्या थापत होते. म्हटले, साक्षीदार कोण ते मला तरी सांगा. तर म्हणे, "प्रकरण गोपनीय आहे." मी म्हटले, मग भाकरीही गोपनीय आहे. तेव्हा सांगितले.

साक्षीदार चुडामण आबा आहेत.

थांब, उठू नकोस! पुढे वाच.

मी ते नाव ऐकले आणि हातातली भाकरी तव्याऐवजी राखेत पडली, इतकी हसले. ह्यांना वाटले मला काही झाले. अरे, चुडामण आबांच्या तोंडात 'पट्टी' कुठून येईल? ज्याच्या दुकानात आढ्यापासून बाशिंगे लोंबतात, जो राम राम म्हणायच्या आधी बाशिंगाचा भाव सांगतो, तो काय बांधणार? तू भरतीला जायच्या आधीचे दिवस आठव. उठलास की सिंधीपुऱ्यात, आबांच्या ओट्यावर. कधी सुतळी धरून दे, कधी खळ ढवळून दे. कोकिळा तेव्हा लहान होती, पण तुला काही धीर नव्हता. आबा मायला माझ्यासमोर म्हणाले होते, "मालूबाई, तुमचा लोटू तं गुडघ्याले बाशिंग बांधून बसला! पोरगी मोठी होऊ द्या, तवर यानं काही कमाई तं करावी!" आणि त्या 'कमाई'वरूनच तू फौजेत गेलास की नाही?

तेच त्यांनी चौकशीवाल्याला सांगितले असणार. तारीफ केली म्हणतात ना? हीच ती तारीफ. लग्नाची केवढी हौस होती पोराला, म्हणून भरती झाला. त्या बिचाऱ्या परमुलखातल्या माणसाने बाशिंग पाहिले नसेल. त्याने गुडघा ऐकला, बांधणे ऐकले, आणि पट्टी लिहून मोकळा झाला.

हे ऐकल्यावर तुझे दाजी म्हणाले, "सुमन, मी मराठीत फायनलपर्यंत पहिला होतो." मी म्हटले, हो, आणि भाकरी गार होते आहे. माफी मागायला लाजतात ते. त्यांच्या वतीने मी मागते. मला मात्र तुझ्यावर एकदाही शंका आली नाही, हे लक्षात ठेव. तू पत्रात हसतोस आणि आत जळतोस, हे मला इथे बसून दिसते रे.

आता आबांकडे जा. भांडू नको. हास.

तुझी
आक्का

*

लोधीपुरा
२५ फेब्रुवारी १९५१

आक्का, तुला आठच नमस्कार. पडलो तरी चालेल.

तुझं पत्र घेऊन दुकानावर गेलो. तू सांगितल्याप्रमाणे हसत गेलो, त्यामुळे आबांना वाटलं मी वेडा झालो. पत्र वाचून दाखवलं. आबा आधी खो खो हसले. मग हसणं अर्ध्यावर थांबलं. हातातला कलाबत्तूचा गुंडा खाली गडगडत गेला, तोही त्यांनी उचलला नाही.

"बरोबर हाये," ते म्हणाले. "साहेबानं पुसलं, भर्ती के पहले कैसा था? मी म्हटलं, घुटने को बाशिंग बांध के बैठा था. तो म्हणे, क्या बांध के? मी म्हटलं, बाशिंग. तो म्हणे, कपड़े का होता है? मी म्हटलं, कागद बी राहते, कपडा बी राहते, डोरीनं बांधतात. तो म्हणे, अच्छा अच्छा. आन लिहून घेतलं."

म्हणजे बघ, आबांनी मला खोटं पाडलं, सरकारने ते छापलं, आणि छापलेलं वाचून आबांनीच मला खोटा म्हटलं!

मी म्हटलं, "आबा, मग आता बोर्डापुढे येऊन हे सांगा." तिथे गाडी अडली. आबा म्हणाले, "नेपानगरवाल्यांले मी जवळजवळ हो म्हणून बसलो. आन सरकारपुढं उभा राहून मी सांगू का, मी थट्टा केली, सायेब, माफ करा? माह्या वयाले शोभते का?" असं म्हणून त्यांनी बाशिंगांची झटकझूट सुरू केली. धूळ नव्हती तिथेही झटकत होते.

तेवढ्यात आतल्या दाराचा पडदा सरला. कोकिळा सगळं ऐकत होती. ती माझ्याकडे बघतही नव्हती. आबांना म्हणाली, "आबा, तुमच्या बोलण्यानं ते खोटे पडले. आता तुम्हीच बोलून खरे करा. मंग माहं लग्न कोठी लावायचं तठी लावा." आणि आत गेली. जाताना माझ्यासाठी ओट्यावर पाण्याचा तांब्या ठेवला. मी तहान नसताना सगळं पाणी प्यायलो.

आबा अजून हो म्हणाले नाहीत. दाजींना सांग, पुढचं तेच जाणोत. आणि त्यांना सांग की माझा राग गेला. फायनलला पहिले आलेल्या माणसावर किती दिवस रागावणार?

लोट्या

*

नागपूर
७ मार्च १९५१

चि. लोटूस आशीर्वाद, आणि या खेपेला त्यात थोडी क्षमायाचनाही मिसळलेली आहे. ती वेगळी काढून वाचू नये.

अपील दाखल केले. भरतीच्या डॉक्टरचा 'लायक' शेरा, कौतिकचा जबाब, आणि 'बाशिंग' या शब्दाचा खुलासा, तिन्ही जोडले आहेत. खुलासा लिहिताना माझी दमछाक झाली. इंग्रजीत बाशिंगाला शब्द नाही आणि गुडघ्याला ते का बांधतात याला तर्क नाही. आपल्या लोकांनी ही म्हण काढताना पेन्शनचा विचार केलेला दिसत नाही.

महूच्या छावणीत पुन्हा मेडिकल बोर्ड बसेल. तारीख एप्रिलची आहे. बोर्डाला कागदावरचा खुलासा पुरणार नाही, साक्षीदार स्वतः आला पाहिजे. चुडामणरावांना मी स्वतंत्र कार्ड टाकले आहे, फार नम्रपणे. त्यांना एवढेच बजाव : हिंदीत, साधे, सरळ बोलायचे. एकही म्हण वापरायची नाही. एकही नाही!

प्रभाकर

*

लोधीपुरा
१५ एप्रिल १९५१

दाजी, आक्का, सात अंगांचा नमस्कार घ्या आणि पुढचं सावकाश वाचा.

निघायच्या दिवसापर्यंत आबांचं हो नाही की ना नाही. मी एकटाच स्टेशनवर गेलो. गाडी आली, मी पाय ओढत चढलो, आणि पाहतो तर डब्यात आधीच आबा बसलेले. धुतलेलं धोतर, काळी टोपी, मांडीवर फडक्यात बांधलेलं मोठं गाठोडं. मला म्हणाले, "सरक, खिडकीपाशी माही जागा हाये." खंडव्याला गाडी बदलली तेव्हा गाठोडं मी घेतो म्हटलं, तर देईनात. मला वाटलं फराळाचं असेल.

बोर्डावर तीन डॉक्टर. मधले कर्नलसाहेब, पंजाबकडचे, मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा. त्यांनी माझा गुडघा दाबला, वळवला, फोटोची काच उजेडाकडे धरून पाहिली. मग कागद चाळून म्हणाले, "ये बाशिंग क्या चीज़ है? यहाँ पट्टी लिखा है, अपील में कुछ और लिखा है. गवाह कौन है?"

आबा पुढे झाले. मी मनातल्या मनात तुमचं नाव घेतलं, दाजी. एकही म्हण नाही, एकही म्हण नाही.

"साहब," आबा म्हणाले, "हमारे में बोलते हैं, उतावळा नवरा अन गुडघ्याला बाशिंग!"

कर्नलसाहेब शेजारच्या डॉक्टरांकडे पाहायला लागले. त्यांनाही काही कळलं नाही. तेव्हा आबांनी गाठोडं सोडलं. आतून निघालं माझं बाशिंग! खुंटीवरचं, कलाबत्तूचं, मोत्यांच्या सरांचं. त्या औषधाच्या वासाच्या खोलीत असं काही झळकलं की बाहेरचा शिपाईही आत डोकावला.

"ये देखो साहब. तुम्हारे में सेहरा बोलते, मौर बोलते. ये कपाळ पे बांधते, शादी में." आबा खाली वाकले, आणि मी काही म्हणायच्या आत त्यांनी ते माझ्या उजव्या गुडघ्याला बांधलं. चांगली गाठ मारून, धंद्यातल्या माणसाची. "अब जो लड़का शादी के लिए इतना उतावळा है कि कपाळ तक हाथ जाने की बी राह नहीं देखता, उसको हम ऐसा बोलते. पट्टी नहीं थी साहब. घुटना एकदम चंगा था. मेरे सामने तापी तैर के जाता था. गलती मेरी जबान की है, लड़के की नहीं. लड़का सच्चा है."

दाजी, शेवटचं वाक्य ते माझ्याकडे बघून म्हणाले. मला त्या वेळी काय वाटलं ते लिहिता येत नाही. निकाल काहीही लागो, माझं काम झालं होतं.

कर्नलसाहेब आधी माझ्या गुडघ्याकडे बघत राहिले. मग असे हसले की खिडकीतली कबुतरं उडाली. हसून झाल्यावर डोळे पुसत त्यांनी आबांना विचारलं, "और फिर? इतना उतावला था, तो शादी हुई इसकी?"

आबांनी माझ्या गुडघ्यावरच्या बाशिंगाकडे पाहिलं. एक मोती वाकडा झाला होता, तो त्यांनी नीट केला.

"होएगी साहब," ते म्हणाले. "आखाजी के बाद. लड़की मेरी है."

बाहेर आल्यावर मी पाया पडायला लागलो तर मला धरून म्हणाले, "तुहा गुडघा राहू दे. ऐक. माह्या हातानं मी ज्याले बाशिंग बांधलं तो नवरदेव आजवर माघारी गेला नाही. तुले पाठवलं तं दुकान बंद करा लागंल." नंदकुमारच्या घरी ते स्वतः जाऊन हात जोडून आले. त्याचंही दुसरीकडे जमलं आहे, आणि बाशिंग आबांकडूनच घेतलं आहे.

आता तुम्ही दोघं लग्नाला या. निकाल आला नाही तरी या.

तुमचा
लोटू

*

नागपूर
१९ एप्रिल १९५१

लोटूस,

म्हण वापरू नका म्हणून बजावले होते. वापरली ते बरे झाले. येतो आहोत. तुझ्या आक्काने पेटी भरलीसुद्धा.

प्रभाकर

*

लोधीपुरा, बुऱ्हाणपूर
१८ जून १९५१

ती. आक्का आणि दाजी यांना,

मी कोकिळा लिहिते आहे. ह्यांनी सांगितलं, या वेळी तूच लिही. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं आहे, चुका झाल्या तर दाजींनी मनातच सुधाराव्या.

तुम्ही परत गेल्यापासून घर सुनं वाटतं. सासूबाई रोज तुमच्या गोष्टी काढतात. मांडवात कडूनानांनी जुना राग सोडून जो हट्ट केला, "आधी गुडघ्याले, मंग कपायाले," आणि ह्यांच्या गुडघ्याला खरंच बाशिंग लावून सगळ्यांना हसवलं, ते गावात अजून सांगतात. नाना आता रोज चहाला येतात. ह्यांना पाटावर मांडी घालता येत नाही म्हणून नानांनी आपली बाज आणून ठेवली आहे, ती परत नेत नाहीत.

मुख्य बातमी. काल निकाल आला. या वेळी सोबत हिंदी तर्जुमा होता, म्हणून मास्तरांकडे न जाता मीच वाचला, थोडा वेळ लागला. अपील मंजूर झालं. उजव्या गुडघ्याची दुखापत फौजेच्या नोकरीतच झाली, भरतीच्या आधी विकार नव्हता, असं स्पष्ट लिहिलं आहे. पेन्शन सुरू होईल. ह्यांनी मला ती ओळ परत परत वाचायला लावली. मग कागद देवापाशी ठेवला आणि केळीला पाणी द्यायला निघून गेले. मला दिसू नये म्हणून गेले. मला दिसलं.

आक्का, तुमच्याजवळ एक बोलते. मी जो निरोप पाठवला होता, लंगड्याशी करीन, खोट्याशी नाही, तो ह्यांना फार लागला असेल. पण मला खात्री हवी होती असं नाही. खात्री मला होतीच. आबांना हवी होती, आणि ती ह्यांनी मिळवल्याशिवाय आबा ऐकणारे नव्हते. हे मी ह्यांना लग्नानंतर सांगितलं. ते म्हणाले, "मग आधी का नाही सांगितलं?" मी म्हटलं, सांगितलं असतं तर तुम्ही अपील केलं असतं का? त्या दिवशी दिवसभर खूश होते. तेल मी रोज चोळते. पळत नाहीत.

आता नमस्काराचं. पत्रात सात अंगांचा नमस्कार घालायची ह्यांची रीत मला ठाऊक आहे. सरकारने गुडघा मान्य केला तरी तो टेकायचा नाही तो नाहीच, डॉक्टर तसंच म्हणाले. म्हणून काल देवापुढे आम्ही दोघं मिळून वाकलो. ह्यांचा एक गुडघा कमी पडला तिथे मी माझा टेकला.

तेव्हा ह्यांची सात अंगं आणि माझं एक, असा पुरा साष्टांग नमस्कार तुम्हा दोघांना.

तुमची
कोकिळा